अधिक का उणे? भोर-वेल्ह्याच्या मुलांच्या गणिताविषयी

या पुस्तकातलं पहिलं उदाहरण लावणीच्या दोरीचं आहे. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असं एक खाचर. दोरीवर खुणा केलेल्या आहेत: पंधरा सेंटिमीटर, मग पंचवीस, पुन्हा पंधरा, पुन्हा पंचवीस. प्रत्येक खुणेपाशी भाताचा एक चूड लावायचा आणि दोन ओळींमधलं अंतरही तसंच धरायचं, एकदा पंधरा, एकदा पंचवीस. असं केलं की चार-चार चूड जवळ येतात. त्या चौघांच्या मधोमध खताची एक गोळी चिखलात खोल खोचायची. तर या खाचराला गोळ्या किती आणायच्या?

हे पुस्तकासाठी रचलेलं कोडं नाही. ही चारसूत्री भात लागवड, कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी सुचवलेली आणि कृषी खात्याने राज्याच्या भातपट्ट्यात नेलेली. भोर आणि वेल्हे हे तालुके म्हणजे तर इंद्रायणी तांदळाचा मुलूख. आता हिशोब पाहा. पंधरा आणि पंचवीस मिळून चाळीस. म्हणजे चाळीस सेंटिमीटर बाजूच्या प्रत्येक चौरसात चार चूड आणि एक गोळी. दहा मीटर म्हणजे हजार सेंटिमीटर, त्यात चाळीस पंचवीस वेळा बसतात. पंचवीस रांगा, दर रांगेत पंचवीस गोळ्या: ६२५. चूड त्याच्या चौपट, २५००. एक गोळी २.७ ग्रॅमची, तेव्हा ६२५ गोळ्यांचं वजन १६८७.५ ग्रॅम, पावणेदोन किलोला थोडं कमी. हेक्टरला याच्या शंभरपट, १६८.७५ किलो. शिफारशीत हेक्टरी १७० किलो सांगतात, तो आकडा आला कुठून हे सहावीतली मुलगी पाटीवर काढून दाखवू शकते.

हे उदाहरण पहिलं ठेवण्याचं कारण दिवसांचं आहे. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. जुलैत या डोंगरात पाऊस कोसळत असतो, राबातला तरवा उपटायला आलेला असतो आणि वर्गातली बरीच मुलं घरच्यांबरोबर चिखलात असतात. हजेरीपट रिकामा दिसतो. हे दिवस गणिताचे बुडाले असं आपण धरून चालतो. पण ज्या मुलाने दोन दिवस दोरीचं एक टोक धरलं आहे, त्याने पंधरा आणि पंचवीस ही अंतरं हजारो वेळा डोळ्यांखालून घातलेली असतात. वर्गात परत आल्यावर त्याला कोणी त्याबद्दल विचारत नाही. फळ्यावर तेव्हा एका आयताकृती बागेचं क्षेत्रफळ चाललेलं असतं, आणि तशी बाग त्याने कधी पाहिलेली नसते.

शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहिलं की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "बाई, अधिक का उणे?" मोठ्या वर्गात त्याचंच दुसरं रूप: "सर, गुणू का भागू?" हा प्रश्न ऐकला की मला वाटतं, या मुलाने उदाहरण वाचलंच नाही. त्यातले आकडे तेवढे उचलले, आणि आता त्या आकड्यांचं काय करायचं याची आज्ञा तो मागतो आहे. आज्ञा मिळाली की क्रिया बिनचूक करतो. मग आपण म्हणतो, मुलाला बेरीज येते, गुणाकार येतो, फक्त शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत. मला हे निदान मान्य नाही. उदाहरणात काय घडतं आहे हे डोळ्यांपुढे उभं करणं हेच गणित आहे. त्यानंतर उरते ती आकडेमोड. ती सरावाने येते आणि यंत्रालाही येते.

१९७९ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात शिक्षकांनी लहान मुलांना एक उदाहरण घातलं होतं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी उत्तर काढून दिलं. छत्तीस! ही मुलं मंद नव्हती. शाळेने त्यांना शिकवलं होतं की उदाहरणात दोन आकडे असतात, त्यांचं काहीतरी करायचं असतं आणि उत्तर येतंच. जहाजाच्या जागी रायरेश्वराच्या पायथ्याचं कुरण घाला, कप्तानाच्या जागी धनगर घाला, आपल्या वर्गांतही उत्तरं येतील. पण ज्याच्या घरी शेरडं आहेत त्याला हेच तोंडी विचारलं तर तो हसेल. वहीत लिहिताना त्याला हसू येत नाही, कारण वहीतलं जग खरं असतं यावर त्याचा विश्वासच उरलेला नसतो.

म्हणून या पुस्तकात काही उदाहरणं अपुरी आहेत. ती छपाईची चूक समजू नये. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. वेल्ह्यातून निघालेली मुलगी गडाच्या माथ्यापर्यंत किती मीटर चढेल? उत्तर १४०३ नाही, कारण वेल्हे काही समुद्रकाठी नाही, ते स्वतःच शेकडो मीटर उंचीवर आहे. गावाची उंची उदाहरणात दिलेली नाही. ती मागायची हे मुलीला सुचलं, की उदाहरण सुटलंच म्हणायचं. गडांची उदाहरणं मात्र मुद्दाम कमी ठेवली आहेत. वेल्ह्याला आता राजगड तालुका हे नाव मिळालं आहे, दोन्ही तालुक्यांना गडांचा अभिमान आहे आणि तो असावाच; पण अभिमानाच्या विषयावर प्रश्न विचारला की मुलं इतिहासाचा धडा म्हणू लागतात.

एसटीचं उदाहरणही असंच अपुरं आहे. घरातली पाच माणसं भोरला निघाली: आजी, आई, वडील, नऊ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची धाकटी. पूर्ण तिकीट ७५ रुपये धरा. कंडक्टरला दोनशेची नोट दिली तर परत किती? २०२३ च्या मार्चपासून बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्या माणसाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या पोराला अर्धं, त्याहून लहानाला काही नाही. आजीचं वय उदाहरणात सांगितलेलं नाही. ती ऐंशीची असली तर एक हिशोब, सत्तरीची असली तर दुसरा. पन्नास रुपये परत येतील की साडेबारा, यावर वर्गात वाद झाला तर तो होऊ द्यावा. प्रवासात मुलांनी हे तिकीट काढताना पाहिलेलं असतं, त्यामुळे "गुणू का भागू" कोणी विचारत नाही.

आता मोजणीकडे येतो. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण मराठी मुलाची पहिली ठेच इथे लागते आणि ती फार जुनी आहे.

"एकोणतीस" म्हटलं की कानाला "तीस" ऐकू येतं. मूल ३९ लिहितं. "पंचवीस" म्हणताना पाच आधी येतात, वीस नंतर. मूल ५२ लिहितं. ही चूक दुर्लक्षाची नाही. मुलाने शब्द नीट ऐकला आणि ऐकला तसा लिहिला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच", "पन्नास दोन" अशी वाचनाची जोड आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. आयुष्यभर मुलांना गणित सोपं करून सांगण्यासाठी लिहिणाऱ्या या विदुषीला तेव्हा पुष्कळ टीका ऐकावी लागली. विधानसभेपर्यंत विषय गेला. माझं मत असं, की त्यांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं. "बावन्न" हा शब्द जाणार नव्हता आणि गेलाही नाही. पण बावन्न म्हणजे पन्नास आणि दोन हे ज्याला उलगडत नाही, त्याला पुढे हातचाही उलगडत नाही. आपल्या वाड्यांमधल्या म्हाताऱ्या बायका अजून विसांनी मोजतात: दोन विसा आणि पाच. म्हणजे पंचेचाळीस. फोड करून मोजण्याची ही सवय घरात होतीच. या पुस्तकात विसांची मोजणी आहे, "पन्नास दोन" आहे आणि "बावन्न"ही आहे, आणि तिन्ही एकाच पानावर आहेत.

हातच्याचंही तसंच. "हातचा" हा शब्द मला फार आवडतो. बेरजेत दहा सुटे जमले की त्यांची एक जुडी बांधायची आणि ती हातात धरून पुढच्या घरात न्यायची. तरव्याच्या मुठी बांधणाऱ्या मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण वजाबाकीतला "उसना" हा शब्द मुलांना फसवतो. गावात उसना आणलेला वाटीभर तांदूळ परत द्यावा लागतो. वहीतला उसना कोणीच परत करत नाही, आणि काही मुलं मनातल्या मनात तो कुठे द्यायचा हे शोधत राहतात.

या अडचणीच्या मागे एक गोष्ट आहे, ती पालकसभेत सांगावी अशी माझी सगळ्या शिक्षकांना विनंती आहे. ५२ मधून २८ वजा करा. आजोबा म्हणतील, बारातून आठ गेले चार, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन, चोवीस. नात म्हणेल, पाच दशकांतलं एक सोडलं, राहिले चार, बारातून आठ गेले चार, चारातून दोन गेले दोन, चोवीस. दोघांचंही बरोबर आहे. आजोबांच्या रीतीत वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवलं. दोन्हींत सारखीच भर घातली, म्हणून फरक तोच राहिला. तिथे घेतलेलं परत केलेलं असतं, निराळ्या रूपात. नातीच्या रीतीत बाहेरून काहीच आणलेलं नाही. घरातलीच एक जुडी सोडून सुटी केली. तिला "उसना" म्हणणंच चुकीचं, "सुटं केलं" म्हणावं. पण संध्याकाळी ओट्यावर आजोबा नातीला शिकवायला बसतात, दोन रीती एकमेकींत मिसळतात, आणि नात वरच्या पाचाचे चारही करते आणि खालच्या दोनाचे तीनही करते. उत्तर येतं चौदा. बाई म्हणतात, घरी लक्ष देत नाहीत. घरी तर दिलेलं असतं! या एका चुकीसाठी पुस्तकात चार पानं खर्ची घातली आहेत, आणि मला ती कमीच वाटतात.

वजाबाकीच्या सरावासाठी मी कापरेकरांची वाट धरली आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक होते, आणि शाळामास्तर म्हणून जगता जगता त्यांनी जगभर पोहोचलेलं गणित केलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि इथून पुढे ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचतोच. वर्गात वीस मुलं असतील तर वीस वेगळ्या संख्या द्या. जिच्या पाटीवर ६१७४ येत नाही ती स्वतःच मागे जाऊन आपली चूक शोधते. बाईंनी लाल खूण करण्याची गरज राहत नाही. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असलेल्या डोंगरातल्या शाळेत, एका इयत्तेशी बोलताना दुसरीला कामात ठेवायचं असतं तेव्हा, असं स्वतःला तपासणारं उदाहरण फार मोलाचं ठरतं.

अपूर्णांकांना मुलं घाबरतात, हे मला नेहमी खटकतं. ज्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन असे रोजचे शब्द आहेत, त्या भाषेतल्या मुलाने अपूर्णांकाला का घाबरावं? आमच्या आधीच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी तोंडपाठ केली. साडेतीनला तर "औट" असा वेगळा शब्द होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-लिटर आले, आणि ही पाठांतरं हळूहळू शाळेतून गेली. ती सगळी परत आणावीत असं मी म्हणणार नाही. पण "पावणेनऊची एसटी" म्हणणारं मूल नवातून पाव वजा करतंच आहे. फक्त ते आपण करतो हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

घरात पायली असेल तर ती वर्गात आणा. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी, दोन अडशिऱ्या म्हणजे पायली. नावांत आणि मापांत गावागणिक थोडा फरक सापडेल, तोही लिहून काढावा. पायलीत निळवी किती? सहा वेळा दुप्पट: २, ४, ८, १६, ३२, ६४. नुसतं अर्धं अर्धं करत गेलेलं हे कोष्टक आहे, आणि अर्धं करायला ना तराजू लागतो ना अक्षरओळख. मुलांनी तांदळाऐवजी वाळू घेऊन हे एकदा मोजावं. १/४ आणि १/८ यांत मोठा कोणता, हा प्रश्न चिपटं आणि कोळवं हातात धरलेल्या मुलाला चकवू शकत नाही.

मोजणीतलंच आणखी एक प्रकरण खुणा आणि अंतरं यांचं आहे. दहा मीटर कुंपणाला दर मीटरला एक खांब रोवायचा तर खांब किती? दहा म्हणणारी मोठी माणसंही भेटतात. खांब अकरा. पण विहिरीभोवती गोल कुंपण घातलं, त्याचा घेर दहा मीटर असला, तर खांब दहाच. बारा तारखेपासून अठरा तारखेपर्यंत यात्रेला राहिलो तर दिवस सात, अठरातून बारा गेले म्हणून सहा नव्हेत. स्पर्धा परीक्षांत मुलं याच एका गोष्टीवर गुण गमावतात, आणि ती पाठ करण्यासारखी गोष्टच नाही. बोटं पसरा: बोटं पाच, मधल्या फटी चार. शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या शिक्षकांना एवढं सांगतो, की सूत्र देण्याआधी मुलांना मैदानात उभं करा.

भूमितीचा भाग या पुस्तकात सगळ्यात मोठा आहे, आणि तो जमिनीवर करण्याचा आहे.

गुंठा सगळ्यांना माहीत असतो. पण गुंठा ३३ फूट बाय ३३ फूटच का, हे विचारलं की बहुतेक माणसं गप्प होतात. इंग्रजांची मोजणीची साखळी ६६ फुटांची. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. तिची अर्धी ३३ फूट. अर्ध्या साखळीचा चौरस म्हणजे पाव चौरस साखळी; म्हणून दहा चौरस साखळ्यांत असे चाळीस. एकराचे चाळीस गुंठे झाले ते असे, आणि १०८९ ला ४० ने गुणलं की ४३५६० चौरस फूट बरोबर येतात. मात्र सात-बाऱ्यावर गुंठा लिहिलेला नसतो, तिथे हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा थोडा मोठा, सुमारे १०१.१७. सात-बाऱ्यावर बारा आर असले की गावात बारा गुंठे म्हणतात. फरक चौदा चौरस मीटरचा पडतो, एका बऱ्यापैकी खोलीएवढा. कागदावर काय लिहिलं आहे आणि तोंडाने आपण काय म्हणतो, यातलं हे अंतर सातवीच्या मुलाला काढता आलं, तर पुढे बांधावर उभं राहून त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. या दोन तालुक्यांत रस्त्याकडेच्या जमिनींचे व्यवहार कसे होतात हे पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

खाचर सहसा आयताकृती नसतं. बांध डोंगराच्या कलाने वळत जातो, कारण पाणी सपाट राहायला हवं. अशा वेड्यावाकड्या तुकड्याचं क्षेत्र काढण्याची एक जुनी रीत आहे: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्या गुणायच्या. एका जोडीच्या बाजू २० आणि २४ मीटर, दुसरीच्या १५ आणि १७. सरासरी २२ आणि १६. क्षेत्र ३५२ चौरस मीटर. ही रीत सोपी आहे आणि चुकीचीही. सरळ बाजूंचा चौकोन आयत नसला की उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. विकणाऱ्याला ती आवडणारच. का जास्त येतं हे दाखवायला चार सारख्या बांबूच्या कामट्या घ्या, टोकं सुतळीने बांधा आणि चौरस करा. आता एक कोपरा ढकला. बाजू त्याच, घेर तोच. आतली जागा मात्र आवळत आवळत शेवटी नाहीशी होते. जुन्या रीतीला हे दिसत नाही, कारण ती फक्त बाजू मोजते. खरं क्षेत्र काढायचं तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून दोन त्रिकोण करायचे, प्रत्येकाची उंची मोजायची, पाया गुणिले उंचीचं निम्मं करायचं आणि दोन्ही मिळवायचे. इथे मुलांना सूत्र पाठ असूनही उंची मोजता येत नाही, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना येईल. उंची पायाला काटकोनात हवी, आणि शेतात काटकोन आणायचा कुठून?

गवंड्याकडून. जोतं आखताना गवंडी एका बाजूला तीन फूट मोजतो, दुसरीला चार, आणि दोन खुणांमधलं अंतर पाच भरेपर्यंत सूत सरकवतो. मग म्हणतो, गुण्यात आलं. त्याच्या गुण्यात, ओळंब्यात आणि पाणसळीत शाळेची अर्धी भूमिती आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत वाऱ्याने मोडलेल्या बांबूचं उदाहरण आहे: बत्तीस हातांचा बांबू मोडला आणि त्याचं टोक बुंध्यापासून सोळा हातांवर टेकलं, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. उभा भाग बारा, जमिनीवरचं अंतर सोळा, तिरका भाग वीस: गवंड्याचे तीन, चार, पाच, प्रत्येकी चौपट. वेल्ह्याच्या पावसाळ्यात मोडके बांबू शोधायला दूर जावं लागणार नाही.

शेवटचा मोठा भाग धरणांचा आहे. भाटघर, नीरा देवघर, वीर आणि गुंजवणी या चार धरणांचे आकडे पावसाळाभर वर्तमानपत्रात येतात. साठवण २३.५०, ११.७३, ९.४१ आणि ३.६९ टीएमसी, बेरीज ४८.३३. दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह मांडण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एकावर नऊ शून्यं. धरणातून दहा हजार क्युसेकने पाणी सोडलं, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार घनफूट, तर एक टीएमसी जायला एक लाख सेकंद लागतात: २७ तास ४६ मिनिटं ४० सेकंद. ही आकडेमोड केलेली मुलगी "विसर्ग वाढवला" ही बातमी निराळ्या डोळ्यांनी वाचते.

शेकडेवारीची एक फसगतही इथे आहे. भाटघर ६० टक्के भरलं, गुंजवणी १०० टक्के भरलं. दोन्ही मिळून किती टक्के? जवळपास सगळे ८० म्हणतात. भाटघरात १४.१० टीएमसी, गुंजवणीत ३.६९, मिळून १७.७९. दोन्हींची साठवण २७.१९. भागाकार केला की ६५ टक्क्यांच्या थोडं पुढे. हंड्याचं निम्मं आणि तांब्याचं निम्मं यांत पाणी सारखं नसतं, हे घरी पाणी भरणाऱ्या मुलीला सांगून बघा. ती लगेच मान हलवेल, मग तिच्या हाती खडू द्यावा. भाटघरच्या येसाजी कंक जलाशयाखाली ज्यांच्या पूर्वजांची जमीन गेली, अशा घरातली मुलं या वर्गांत बसतात. धरणाचे आकडे शिकवताना शिक्षकांनी हे मनात ठेवावं. एखादं मूल आकड्यांपलीकडचं काही विचारेल, तेव्हा त्याला उदाहरणाकडे परत ओढू नये.

उत्तरं पुस्तकाच्या शेवटी आहेत, पण दर प्रकरणातलं एक उदाहरण उत्तराविना सोडलं आहे. तिथे गावागणिक उत्तर बदलेल: तुमच्या शाळेच्या झेंड्याच्या खांबाची उंची सावलीवरून, तुमच्या विहिरीचा घेर, तुमच्या घरच्या सात-बाऱ्यावरचे आर. सावलीचं उदाहरण हिवाळ्यात घ्यावं. मे महिन्याच्या मध्याला भोरमध्ये भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली पायाशीच नाहीशी होते आणि भागायला काही उरत नाही. तेव्हा शाळेला सुट्टी असते. तरी एखाद्या मुलाने त्या दिवशी अंगणात काठी रोवून पाहिली, तर जूनमध्ये त्याला पहिल्या तासाला बोलू द्यावं.

पुस्तक हाती घेण्याआधी शिक्षकांनी जमवायच्या वस्तू अशा: दहा मीटर सुती दोरी, नायलॉनची ताणली जाते म्हणून ती नको, चार कामट्या आणि सुतळी, एक पायली, नसल्यास एकाच आकाराचे दोन डबे, कोळशाचा तुकडा किंवा खडू, आणि जुलैतल्या कोणत्याही दिवसाचं वर्तमानपत्र. दोरीवर पंधरा-पंचवीसच्या खुणा मुलांकडूनच करून घ्याव्यात. पहिल्या खुणेच्या आधी पंचवीसचं अर्धं अंतर, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर, सोडायचं की नाही, यावर पहिल्याच दिवशी भांडण होईल. सोडलं तर दोरीवर पन्नास खुणा बसतात. न सोडता टोकापासूनच खूण केली तर एक्कावन्न. मग एक्कावन्नाव्या चुडाला जोडीदार कुठला आणि त्याची गोळी कुणाच्या मधोमध खोचायची?